सकाळी नऊला आलेलं ताट

दफन उरकलं, पाहुणे पांगले, आणि विनिफ्रेड स्वयंपाकघरात भांडी पुसत बसली. बेटावरच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या घरातून काही ना काही आलं होतं. घरात माणूस गेलं की शेजारणींनी शिजवून आणायचं आणि नंतर घरच्यांनी भांडी घासून ज्याची त्याला पोचती करायची. बुडाला नावाची चिकटपट्टी असतेच. कुणी काय आणलं, किती वाजता, हे विनिफ्रेडने आभाराच्या चिठ्ठ्यांसाठी वहीत टिपून ठेवलं होतं. लिहीत बसलं की कुणाशी फार बोलावं लागत नाही, हेही होतंच.

तिचा भाऊ कॅल्डर मंगळवारी सकाळी सातला तिलाच सापडला होता. ओहोटी लागलेली, धक्क्याखाली चिखल उघडा पडलेला, आणि त्यात तो पालथा. डोक्यात वल्ह्याचा घाव. आदल्या दिवशी सूर्य मावळताना झालं असणार, असं शेरीफ टोबी म्हणाला.

"कुणाशी वाकडं होतं का त्यांचं, मिस विनी?"

तिने सांगितलं. शनिवारी कॅल्डरने लेम्युएलला कामावरून काढलं होतं. बावीस वर्षं होड्या सांभाळणारा लेम्युएल अंगणात उभा राहून ओरडला होता. वल्हं धक्क्यावरच्या त्याच्याच खोपटातलं निघालं. दुपारी टोबीने त्याला धरून नेलं. विनिफ्रेड खोटं बोलली नव्हती, तरी तेव्हापासून तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

आता ती पहिल्या चिठ्ठीसाठी वही उघडून बसली. पहिली ओळ: ऑगस्टा. मंगळवार, सकाळी नऊ. टोमॅटोचा रस, साच्यात थिजवलेला.

तिने पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

हा पदार्थ तिला ऑगस्टानेच शिकवला होता, दोघी विशीत असताना. पहिल्यांदा विनिफ्रेडने चार तासांतच साचा उलटा केला आणि सगळा रस मेजावरून पाद्रीबाबांच्या मांडीवर गेला. "रात्रभर गारठू दे गं बाई," ऑगस्टा हसून हसून लोळली होती, "तुला घाई कसली, कोण पळून चाललंय?"

रात्रभर. आणि कॅल्डर गेल्याचं सकाळी सातच्या आधी कुणालाच ठाऊक नव्हतं.

ऑगस्टाचं घर दोन फाटकं सोडून. विनिफ्रेड तिचं ताट छातीशी धरून गेली. ऑगस्टा व्हरांड्यात बसली होती, केस नीट बांधलेले, पायांत एक मोजा उलटा.

"ताट द्यायला स्वतः आलीस? तेही इतक्या लवकर? लोक म्हणतील, विनीला आमचं भांडं घरात नको झालं."

"ऑगस्टा, हे तू चर्चमधल्या बायकांच्या जेवणासाठी केलं होतंस ना? आदल्या दिवशी?" विनिफ्रेडने ताट तसंच छातीशी धरलं होतं. "तसंच असेल. तयार होतं, म्हणून आमच्याकडे आणलंस. हो म्हण ना."

ऑगस्टाने हात पुढे करून ताट काढून घेतलं.

"ते जेवण पुढच्या महिन्यात आहे," ती म्हणाली. "कॅल्डरसाठीच केलं होतं. त्याला ऑलिव्ह चालत नाहीत म्हणून घातले नाहीत."

"अगं, पण..."

"धक्क्यावरून घरी आले तर हात थांबेनात. माणूस गेलं की आपण काय करतो? रांधतो. तेच केलं. वेळेचं डोक्यातच आलं नाही."

तीस वर्षं ऑगस्टा दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला यायची. विनिफ्रेडची आई गेली की कॅल्डर आणि ऑगस्टाचं लग्न होणार, असं सगळेच धरून चालले होते. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"सव्हाना शहरातली कुणी विधवा आहे. येत्या शरदात लग्न करणार होता," ऑगस्टा म्हणाली. "गळाला कोळंबी लावता लावता सांगितलं गं त्याने. माझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, रविवारचं जेवण मात्र चालू ठेवू."

विनिफ्रेड तिच्या शेजारी बसली. तिला रडू येत होतं, पण कुणासाठी ते कळत नव्हतं. गप्प राहणं तिला जन्मभर जमलं होतं, आताही जमलं असतं. भाऊ तसाही परत येणार नव्हता. ही एक तरी उरली असती.

"लेम्युएल तुरुंगात आहे," ती शेवटी म्हणाली.

"ठाऊक आहे. तीन दिवस रोज सकाळी ठरवते, आज जायचं. मग बूट घालते आणि इथेच बसते."

विनिफ्रेड आत गेली आणि तिने फोन फिरवला.

"मिस विनी, तुम्ही निश्चिंत राहा," टोबी म्हणाला. "तो काही सुटत नाही."

"त्याला सोड, टोबी. त्याने नाही केलं."

"मग कुणी?"

विनिफ्रेडने तोंड उघडलं. नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. टोबी "हॅलो, हॅलो" करत राहिला. मागून ऑगस्टाची पावलं आली. तिने हळूच विनिफ्रेडची बोटं फोनवरून सोडवली.

"दे इकडे," ती म्हणाली. "शाळेपासून तुझं बोलणं मीच बोलत आलेय."