अकरा वाजताची मटकी

द्वारकाबाई पहाटे पाचला कपभर चहा घेऊन निघायच्या आणि जेवायच्या ते थेट दुपारी तीनला. मधल्या वेळात नारायण पेठेतल्या चार घरांच्या पोळ्या त्यांच्या हातून होत. शंभरेक तरी. दिवसभर कणकेत हात, नाकात तुपाचा वास, आणि पोटात काही नाही. घरी पोचल्या की मग धीर नसे. भात, कालवण, शिळी चपाती, फरसाण, हाताला लागेल ते उभ्याउभ्याच खायच्या आणि तशाच आडव्या व्हायच्या.

फेब्रुवारीत एका घरी तव्यासमोरच चक्कर आली. दवाखान्यात तपासलं तर साखर निघाली. शेफाली नावाची तरुण डॉक्टर होती. तिने दिवसभरात काय काय खाता, ते सगळं विचारून घेतलं.

"तुम्ही दहा तास उपाशी राहता, म्हणून तीनला असं तुटून पडता," ती म्हणाली. "निघताना काहीतरी खा. अकराला परत थोडं खा. मग तीनला दोन पोळ्या पुरतात की नाही बघा."

"अहो, पण कामावर कसं खायचं?"

"गोळी मी लिहून देते, मावशी. वेळ तुम्हालाच काढायचा आहे."

दुसऱ्या दिवसापासून द्वारकाबाई अर्धी भाकरी खाऊन निघू लागल्या. पिशवीत मोड आलेल्या मटकीच्या उसळीचा डबा असे. पहिले दोन दिवस अकराला त्या जिन्यात बसल्या. पण येणाऱ्याजाणाऱ्याला वाट द्यायला दर घासाला उठावं लागे. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, आता बसायचं ते घरातच.

अकराला त्या सुनीतीकाकूंकडे असत. काकू निवृत्त मुख्याध्यापिका. द्वारकाबाईंनी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसून डबा उघडला.

काकू दारात आल्या. "काय द्वारकाबाई, सहल आहे का आज?"

द्वारकाबाईंनी हातातला घास डब्यात ठेवला. तरी त्या उठल्या नाहीत. "मला साखर निघालीय, काकू. रोज अकराला दहा मिनिटं बसून खाणार. पोळी एकही कमी होणार नाही."

काकूंनी स्टुलाकडे बघितलं. "मग बसा की. आणि ते स्टूल डुगडुगतंय, खुर्ची घ्या. पडलात तर आम्हाला कोण जेवू घालणार?"

चौथ्या घरच्या श्यामलाबाईंना ते पटलं नाही. तिथे द्वारकाबाई काही खातसुद्धा नव्हत्या. पण सुनीतीकाकूंकडच्या दहा मिनिटांमुळे त्यांच्याकडे पोचायला उशीर होत होता. "आम्हाला साडेबाराला पानं वाढायची असतात," त्या म्हणाल्या. द्वारकाबाईंनी चार दिवस विचार केला आणि ते घर सोडलं. त्याच गल्लीत दुसरं लागायला महिना गेला. तो महिना ओढाताणीचा होता, पण डबा चुकला नाही.

भूक काही लगेच शहाणी झाली नाही. होळीला एका घरून पुरणपोळ्या मिळाल्या. तीनला घरी येऊन त्यांनी एक खाल्ली, मग दुसरी, आणि बघता बघता चारही संपल्या. स्वतःचाच इतका राग आला की उद्या दिवसभर पाण्यावरच राहायचं, असं मनाशी म्हणाल्या. आजवर असंच करत आल्या होत्या. पण सकाळी उठल्यावर त्यांनी मुकाट्याने अर्धी भाकरी खाल्ली आणि डबा भरला. उपाशी राहिलं की तीनला परत तेच होणार, हे त्यांना आता कळून चुकलं होतं.

मे महिन्यात पुन्हा रक्त तपासलं. शेफालीने कागद दोनदा वाचला.

"उतरलीय. पण गोळी चालू ठेवायची हं."

"ठेवते की," द्वारकाबाई म्हणाल्या. "आता तीनला दोन पोळ्यांवर भागतंय बघा. कधी तिसरी लागते. तेव्हा ती बसून खाते."


शेफाली हसली आणि तिने पुढची तारीख लिहून दिली.