पाचशे पंच्याऐंशी कच्चे अर्ज

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तशी माणसं खिडकीच्या कट्ट्यावर बसली, जिन्यात उभी राहिली. प्रत्येकाच्या मांडीवर काहीतरी होतंच. कुणाचं आजोबांचं घड्याळ, कुणाचा काकांचा कॅमेरा, कुणाची दुर्बीण. एका बाईनं तर पिशवीतून गजराचं घड्याळ आणलं होतं, आणि त्याचा एक काटा पिशवीतच राहिला होता.

समोर टेबलामागे पारखी महाराज. गेलेल्या माणसाची वस्तू कानाला लावली की ती बोलते आणि तिची खरी किंमत महाराजांना कळते, अशी त्यांची ख्याती. लोक त्यांना पारखी म्हणत. मी मनातल्या मनात किंमतबाबा म्हणत होते.

महाराजांनी गजराचं घड्याळ कानाला लावलं, डोळे मिटले आणि मान डोलावली.

"मोकळं आहे," ते म्हणाले. "मालक समाधानानं गेला. बाई, हे घड्याळ नाही, ठेवा आहे ठेवा." मग त्यांनी असा आकडा सांगितला की बाईच्या हातातली पिशवी खाली पडली. "पण आत्ता विकू नका. वर्षभर थांबा. वस्तू अजून पिकते आहे."

हॉलमध्ये "वा, वा" झालं. वस्तू पिकते म्हणे. मी एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे, तिथल्या काचेच्या नळ्या तेवढ्याच जुन्या आहेत, त्यातली एकही अजून पिकलेली नाही.

मी तिथे गेले ती ताईसाठी. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. घरी बसून शाळेचे गणवेश शिवते. दीड महिन्यापूर्वी तिच्या मशीनची मोटर जळली आणि कारागिरानं हात वर केले. नवं मशीन घ्यायचं तर एकच गोष्ट विकण्यासारखी होती, आप्पांचं पेन. आप्पा, आमचे वडील, कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देत. चाळीस वर्षं एकच पेन. काळं, जाडसर, टोपणाला सोनेरी कडी, बाजूला शाई ओढायची छोटी दांडी. जाताना त्यांनी ते ताईच्या हातात दिलं होतं.

"विकते, पण आधी किंमत कळू दे," ताई म्हणाली होती. "दुकानदार म्हणजे बाई बघून गुंडाळतील मला."

"मग दुकानात जायचंच कशाला?" धाकटा म्हणाला होता. धाकटा म्हणजे आमचा भाऊ. "महाराज आहेत ना. एक पैसा घेत नाहीत ते."

एक पैसा घेत नाहीत, हे ऐकल्यावरच मी सावध व्हायला हवं होतं. पण भाऊ सांगतोय म्हटल्यावर माणूस कितीसा सावध होणार.

ताईचा नंबर आला. महाराजांनी पेन कानाला लावलं आणि त्यांचा चेहरा पडला. टेबलावर लाकडी खाचेत शाईच्या दोन दौती होत्या. डावीकडच्या दौतीतली शाई त्यांनी आप्पांच्या पेनात ओढली, कोरा कागद पुढे केला.

"तुमचं नाव लिहा, बाई."

ताईनं लिहिलं. छान निळी अक्षरं उमटली. मग महाराजांनी आपलं पेन उजवीकडच्या दौतीत बुडवून त्याच कागदावर खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि कागद उंच धरला. बघता बघता ताईचं नाव फिकट झालं, अस्मानी झालं आणि गेलं. महाराजांचं नाव जिथल्या तिथे. जिन्यातली माणसं आत घुसली. कुणीतरी रडायलाच लागलं.

"वडील लिहू देत नाहीत तुम्हाला," महाराज हळू आवाजात म्हणाले. "वस्तू अडकलेली आहे." त्यांनी भिंग घेऊन निब बघितलं. "इथे आकडा आहे. वाचा."

निबावर बारीक कोरलेलं होतं, ५८५.

"वडील अर्ज लिहायचे ना? लोकांकडून पैसे घेतले आणि पाचशे पंच्याऐंशी अर्ज कच्चेच ठेवले. तेवढ्या माणसांचे तळतळाट आहेत ह्या निबात. हे विकाल तर घेणारा बुडेल आणि देणाराही. ह्याची किंमत शून्य."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "गठ्ठा होता," ती पुटपुटली. "ट्रंकेत गठ्ठा होता, सही नसलेल्या अर्जांचा."

मी उठून उभी राहिले. "महाराज, आता हेच तुमच्या पेनानं करा. डावीकडच्या दौतीतली शाई घ्या आणि तुमचं नाव लिहा."

धाकट्यानं माझा पदर ओढला. "माई, तमाशा नको. ताईची अवस्था बघ."

आणि ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "तू गप्प बस. तुला कळतं सगळं, माहितीय."

एकतीस वर्षांत मुख्याध्यापकांनी मला गप्प बस म्हटलं नव्हतं. मी बसले. महाराज म्हणाले, पेन इथेच ठेवा, मी ते वाहत्या पाण्यात सोडतो, वडीलही सुटतील. ताईनं दोन्ही हातांनी पेन दिलं. गर्दी पुढच्या माणसाकडे वळली तेव्हा मी टेबलावरचा तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

पुढचे सहा दिवस ताईनं माझा फोन घेतला नाही. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले आणि तिला अक्षरशः दंडाला धरून प्रयोगशाळेत आणलं. ती रोडावली होती. टेबलापाशी स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मी त्या अर्जांवरची नावं शोधतेय. एकेकाच्या घरी जाऊन माफी मागणार आहे. आप्पांनी असं करायला नको होतं गं."

मला आधी तिचा राग आला, मग माझाच आला.

"तो गठ्ठा नीट वाचलास?"

"वाचला. एकावरही सही नाही, अंगठा नाही. सगळे कच्चे."

"कच्चेच असणार. ते खर्डे आहेत, ताई. आप्पा आधी कच्चा खर्डा करायचे, माणसाला दोनदा वाचून दाखवायचे, मग पक्का अर्ज लिहायचे. सही पक्क्यावर. पक्का तो माणूस घेऊन जायचा, कच्चा आप्पांकडे राहायचा. मी शाळा सुटल्यावर त्यांच्या टेबलापाशी बसायचे, मला माहितीये. तुझं तेव्हा लग्न झालेलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. पटलं नव्हतं. मी पर्समधला कागद काढला. वर कोरा, खाली महाराजांचं नाव. धुण्याच्या सोड्याचं पाणी कापसावर घेतलं आणि कोऱ्या भागावरून फिरवलं.

ताईचं नाव परत आलं. निळंशार, वेलांटीसकट.

ताईनं बोट लावून बघितलं. बोटाला निळं लागलं. "हे कसं झालं?"

"थायमॉलफ्थॅलीन नावाची पूड असते. स्पिरिटमध्ये विरघळवायची, कॉस्टिक सोड्याचे थेंब टाकायचे, निळी शाई तयार. कागदावर आली की हवेतला कार्बन डायऑक्साइड सोड्याला मारतो आणि रंग उडतो. पुन्हा सोडा लावला की पुन्हा निळी. उजवीकडच्या दौतीत साधी शाई होती, म्हणून त्याचं नाव राहिलं. आप्पांचा ह्यात काही संबंध नाही."

"तुला हे त्याच दिवशी कळलं?"

"संशय आला. खात्री नव्हती."

खरं तर खात्री होती. जीभ उचलत नव्हती, त्याचं कारण वेगळं होतं. मी कपाट उघडलं. गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी मी ही शाई केली होती. धाकटा म्हणाला होता, माई, शेजारच्या मुलांना गंमत दाखवतो, दे ना थोडी. मी बाटली दिली. संपल्यावर कशी करायची तेही वहीच्या पानावर लिहून दिलं, वर पुडीसुद्धा बांधून दिली. कपाटात तिची जागा अजून रिकामी होती. ताईला मी हे सगळं सांगितलं.

ताईनं कागद घडी घालून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "मुलांनी दाखवली असेल कुणाला. धाकटा असं नाही करायचा."

"चल," मी म्हटलं. "आता तरी किंमत विचारू."

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक पेनदुरुस्तीवाला बसतो. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं तर पेनवाल्यालाच उभं राहावं लागतं. काड्यापेट्यांमध्ये निबं, भिंतीवर रबराच्या पिशव्या टांगलेल्या. मी पेनाचं वर्णन केलं. काळं, सोनेरी कडी, बाजूला दांडी, निबावर ५८५.

"५८५ म्हणजे सोनं," तो मान वर न करता म्हणाला. "हजारात पाचशे पंच्याऐंशी भाग. चौदा कॅरेट. कंपनीच कोरते. तसं पेन हवंय का? मंगळवारीच एक आलंय."

त्यानं खण उघडला आणि आप्पांचं पेन काचेवर ठेवलं.

ताईनं ते हातात घेतलं नाही. "काय किंमत?" तिनं विचारलं. त्यानं सांगितली. त्यात शिवणाची दोन मशीन आली असती.

"कुणी आणलं हो?" मी विचारलं.

"चाळिशीतला माणूस होता. बोलताना सारखी कानाची पाळी ओढत होता. मी म्हटलं, चोरीचं नाही ना? तर म्हणाला, नाही हो, माझ्या वडिलांचं आहे."

कानाची पाळी ओढायची सवय आमच्या घरात एकालाच. ताई दुकानाच्या पायरीवर बसली. मीही तिच्या शेजारी बसले. महाराज काय, परका माणूस. पण आप्पांचा धंदा, तो गठ्ठा, त्यावर सह्या नाहीत, ताई हळवी आहे, हे सगळं घरातूनच गेलं होतं. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते मी आतापर्यंत दुसऱ्यांच्या बाबतीत म्हणत आले होते. पेनवाल्याला आम्ही सगळं खरं सांगितलं. पेन कुणाला देणार नाही, एवढं त्यानं कबूल केलं.

रविवारी आम्ही दोघी हॉलमध्ये. धाकटा दारात नंबरच्या चिठ्ठ्या वाटत होता. आम्हाला बघून त्याचा हात कानाकडे गेला.

महाराज एका जुन्या पेनावर तेच करत होते. मी टेबलापाशी जाऊन सोड्याच्या पाण्याची बाटली ठेवली.

"महाराज, डावीकडच्या दौतीतल्या शाईनं तुमचं नाव लिहा. एवढंच."

"अश्रद्धेच्या सावलीत वस्तू बोलत नाहीत, बाई."

"वस्तूला नका बोलवू. तुम्हीच लिहा."

पहिल्या रांगेत एक निवृत्त पोस्टमन होते, त्यांच्या कॅमेऱ्याला महाराजांनी अडकलेला ठरवलं होतं. ते उठले, खिशातून काडी काढली, डाव्या दौतीत बुडवली आणि कागदावर मोठ्यानं म्हणत लिहिलं, पारखी महाराज. सगळे बघत राहिले. महाराजांचं नाव उडालं. ताईनं कापूस भिजवून कागदावर फिरवला आणि नाव परत आलं.

"आता आठवा," मी लोकांना म्हटलं. "मोडकं घड्याळ मोकळं निघालं, फुटकी दुर्बीण मोकळी निघाली. चांगला कॅमेरा अडकला, सोन्याच्या निबाचं पेन अडकलं. ज्याला बाजारात कुणी विचारत नाही त्याला मोठा आकडा आणि वर्षभर विकू नका असा सल्ला, म्हणजे तुम्ही तपासायलाच जाऊ नये. ज्याला किंमत आहे ते मात्र पाण्यात सोडायला इथेच ठेवायचं. माझ्या वडिलांचं पेन पाण्यात नाही, मागच्या गल्लीतल्या दुकानात आहे."

महाराज मागच्या दारानं केव्हा गेले ते कळलं नाही. पोस्टमन कॅमेऱ्यासाठी त्यांच्यामागे धावले. गजराच्या घड्याळाची बाई मात्र माझ्यावरच आली. "काय मिळालं तुम्हाला? माझ्या घड्याळाची किंमत घालवलीत." तिला काय सांगणार. तिचं गेलेलं परत द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

धाकटा दारातच उभा होता, हातात चिठ्ठ्या तशाच. "ताई, पेन परत आणून देतो मी," तो म्हणाला. "मला वाटलं नव्हतं तू एवढं मनाला लावून घेशील. पेनच तर होतं."

"पेनाचं काही नाही रे," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मागितलं असतंस तर दिलं असतं. पण सहा दिवस मी आप्पांना लबाड समजत होते. रात्रंदिवस त्यांच्यावर चिडत होते. ते सहा दिवस तू कुठून आणून देणार?"

ताई त्याच्या बाजूनं जिना उतरून गेली.

मी हे लिहिते आहे ते शाई उडते कशी हे सांगायला नाही, ते आठवीतली पोरंही सांगतील. ताई अडाणी नाही. तिनं डोळ्यांनी बघितलं आणि विश्वास ठेवला, कारण सोबत आपला माणूस होता. म्हणून एवढंच सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर त्याला म्हणा, हेच मी आणलेल्या सामानानं, माझ्यासमोर, पुन्हा कर. किंमत हवी असेल तर जाणकाराला विचारा, एकाला नाही, तिघांना. आणि तुमच्या गेलेल्या माणसाबद्दल कुणी वाईट सांगितलं, तर मान डोलावण्याआधी त्याचे कागद स्वतः वाचा. सांगणारा सख्खा भाऊ असला तरी वाचा.