दुपारचं चित्र

थोरलीचं काम धूर आखण्याचं. उपग्रहाकडून दर काही मिनिटांनी चित्र यायचं. डोंगरातल्या वणव्याचा धूर कुठवर पसरलाय ते त्यात शोधायचं, कडेनं रेघ ओढायची, आतला धूर विरळ, मध्यम की दाट ते ठरवायचं आणि नकाशा लोकांसाठी खुला करायचा. ढग कुठला नि धूर कुठला, हे ओळखता ओळखता नव्या माणसाचे डोळे पांढरे व्हायचे. थोरली चहा पिता पिता ओळखायची, आणि त्याचा तिला थोडा ताठाही होता.

साहेबांना सगळे पाठीमागे पंतोजी म्हणत, कारण ते एकच पाढा घोकून घ्यायचे. पातळ धूर दिसतो तो उन्हं तिरपी असताना. ऊन डोक्यावर आलं की तो चित्रातून जातो, हवेतून नाही. म्हणून सकाळची रेघ संध्याकाळपर्यंत खोडायची नाही. हा पाढा नव्या मंडळींना थोरलीच शिकवायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

कारण दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला, तेव्हा तिला पाढा आठवला नाही.

"ताई, आईला आज तुझ्याकडे आणू की थांबू? दारं-खिडक्या बंद करून बसलोय, तशी ती बरी आहे. पण नकाशात वाटेतल्या घाटावर धूर दिसतोय गं."

"नकाशा सकाळचा आहे. मी आत्ताचं चित्र बघतेय ना. घाट लख्ख आहे, निघा लगेच."

आई दमेकरी. वणवा लागल्यापासून थोरलीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिला आई डोळ्यांसमोर हवी होती, आणि माणसाच्या डोळ्यांना हवं तेच दिसतं. नकाशावरची रेघ मात्र तिनं खोडली नाही. तेवढी पंतोजींची भीती होती.

उन्हं कलली. नवं चित्र आलं आणि घाटावर दुधावरच्या सायीसारखा पांढुरका थर दिसू लागला. तिला वाटलं, ढग असेल. ढग असू दे, असं ती चक्क पुटपुटली. पुढच्या चित्रात थर जाड झाला आणि त्याचं शेपूट थेट वणव्यापर्यंत पोचलं. ढगाला असं शेपूट नसतं. तिनं धाकटीला फोन लावला, पुन्हा लावला. लागेना.

पंतोजी मागे येऊन उभे राहिले. "घाटात काय लिहिताय?"

"दाट."

"दुपारी कुणी पुसला नव्हता ना?"

"नकाशावर नाही," ती म्हणाली. तिनं ओढलेली रेघ रस्ता सोडून भलतीकडेच गेली. ती मिटवून तिनं पुन्हा ओढली. सगळा घाट, वरपासून खालपर्यंत, रेघेच्या आत आला. त्या रस्त्यावर कुठेतरी आपली आई श्वास घेतेय, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

नकाशा खुला झाला आणि फोन वाजला.

"ताई, इथे फार धूर आहे गं," धाकटीचा आवाज बसला होता. "दिवे लावूनही पुढचं दिसत नाही. बऱ्याच गाड्या मागे फिरल्या. आम्ही नाही फिरलो. तू बघून सांगितलंयस म्हटल्यावर…"

"फीर मागे. आत्ता. माझं चुकलं. काचा लाव सगळ्या."

"आई काच लावूच देत नाहीये. शेजारच्या गाडीवाल्याशी बोलतेय. ते पोराबाळांना घेऊन मागे फिरायला निघालेत."

"फोन तिच्याकडे दे."

फोन आईकडे जाईपर्यंत थोरलीला खोकला ऐकू आला, लांबलचक, छाती खरवडून काढणारा. मग आईचा आवाज आला, धाप लागलेला, पण तोऱ्यात. ती अजून त्या गाडीवाल्याशीच बोलत होती.

"कशाला मागे फिरताय? माझी थोरली वरून सगळं बघते. तिनं सांगितलंय, घाट साफ आहे."

"आई," थोरली ओरडली, "आई, त्यांना थांबव."

"मग काय, चला," एक पुरुष म्हणाला. पाठोपाठ गाडी सुरू होऊन पुढे निघून गेल्याचा आवाज आला.