कवटीचा टी-शर्ट आणि कासुर्डीचे पाहुणे

मी मारुतरावांचा काळा टी-शर्ट. पुढे कवटी, कवटीच्या दातांत गिटार, पाठीवर कुठल्याशा इंग्रजी बँडचं नाव. शिरूरच्या बाजारात मी महिनाभर टांगून होतो. त्यांच्या मापाचा नव्हतो, तरी त्यांनी मला अंगात कोंबलं. पोटावर ताणल्यामुळे माझी भेसूर कवटी तेव्हापासून हसरी दिसते.

मारुतराव अठ्ठावन्न वर्षांचे, शेवंती लावतात. रांजणगावच्या कारखान्यात असताना एका बंगाली कामगारानं त्यांच्या कानात इअरफोन घातला, आणि तिथून माणूस बिघडला, असं त्यांच्या पत्नी सिंधूबाई सांगतात. इंग्रजी एक अक्षर कळत नाही. मतं मात्र भरपूर. "गिटार रडली पायजे, गाणाऱ्यानं रडू नये." "केस कापले की गाणाऱ्याचा आवाज बसतो." "बँड फुटतोच. सख्खे भाऊ एका बांधावर टिकत न्हाईत, हे तर चौघं वेगळ्या आयांचे!" फुलं तोडणाऱ्या बाया हे ऐकत आणि हो म्हणत. दुसरं कोण ऐकणार?

त्या रविवारी त्यांची मुलगी हर्षदा हिला बघायला कासुर्डीहून पाहुणे यायचे होते. ते तासभर आधीच आले. मारुतराव मला घालून वाफ्यात होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट आतल्या कपाटात, आणि कपाटासमोरच पाहुणे बसलेले.

मुलाचे वडील बबनराव माझ्याकडे बघत राहिले. "हे काय, विजेच्या खांबावरची पाटी हाय का?"

सिंधूबाईंनी पदर तोंडाला लावला. बाजू सावरावी म्हणून मुलगा, शंभू, घाईनं म्हणाला, "रॉक म्युझिक हाय ते, बाबा. मला बी लै आवडतं."

माझ्या कापडाखाली मारुतरावांचं काळीज थाडथाड उडू लागलं. इतक्या वर्षांत पहिला माणूस भेटला होता!

"कंचा बँड आवडतो?"

शंभूला घाम फुटला. "ते... परवा लग्नात डीजेनं लावलेलं, ते."

"ते गाणं न्हाई, पाव्हणं. ती कडब्याची कुट्टी मशीन हाय," मारुतराव म्हणाले. "आवडत नसंल तर न्हाई म्हना. खोटं कशापायी?"

बबनरावांनी टोपी उचलली. स्थळ चाललं होतं, आणि ते माझ्यामुळे! मला वाटलं, आत्ताच्या आत्ता उसवावं.

तेवढ्यात हर्षदानं चहाचा ट्रे दाणकन खाली ठेवला. "आप्पा, परीक्षा घेताय व्हय? लग्न मला करायचंय." मग शंभूकडे वळून, "आन् तुम्ही खरं सांगा. काय आवडतं?"

"भजनात पखवाज वाजवतो," तो खाली बघत म्हणाला. "बाकी मला काय कळत न्हाई."

मारुतरावांनी कोपऱ्यातलं फुलांचं रिकामं क्रेट आणून त्याच्यापुढं पालथं घातलं. "वाजवा."

शंभूनं बोटं चालवली. थोड्या वेळानं मारुतरावांनी डोळे मिटले आणि तोंडानं गिटार सुरू केली. असा काही सूर लागला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मी पोटावर वरखाली नाचत होतो.

आणि शंभू थांबला. "मामा, तुम्ही सम चुकताय."

या घरात मारुतरावांना चूक म्हणायची हिंमत कुणी केली नव्हती. माझी पाठ घामानं भिजली.

"परत घ्या," मारुतराव हळूच म्हणाले. "सुरुवातीपासनं."

बबनरावांनी टोपी मांडीवर ठेवली आणि चहाचा कप उचलला.

लग्नाला आता दोन वर्षं झाली. सासरी निघताना हर्षदानं मला न विचारता बॅगेच्या तळाशी घातलं. मारुतरावांनी ते पाहिलं. बॅगेची चेन त्यांनीच लावली.

आता मी कासुर्डीत असतो. हर्षदा साडीवर मला चढवून भेंडी तोडते. गळा सैल झालाय, कवटीचे चार दात धुण्यात गेलेत. पाठीवरचं नाव पार पुसलं, पण ते तसंही कुणी वाचत नव्हतं.

मागच्या आठवड्यात मारुतराव लेकीला भेटायला आले. मी दोरीवर होतो. चपला काढायच्या आधी त्यांनी मला खाली घेतलं, उलटं केलं, झटकून पुन्हा वाळत घातलं.

"प्रिंट आत ठेवत जा गं," ते हर्षदाला म्हणाले. "उन्हानं चेहरा उडतो."

तुमच्या दोरीवर माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याच्यासाठी एवढं कराल ना?