ढळू न दिलेली पौर्णिमा

मी बोलतोय, या सुताराच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ. नुसते काटे असते तर माझ्याकडे कोण ढुंकून बघणार होतं? पण माझ्या कपाळावर एक अर्धगोल खिडकी आहे आणि तिच्यामागे पत्र्यावर रंगवलेला चंद्र फिरतो. भरतो, उतरतो, दिसेनासा होतो. सगळं घर त्याच्या तालावर चालतं आणि आज त्याच चंद्राची मला धास्ती बसलीय.

मला घडवणारा घड्याळजी मोठा हौशी. चंद्राला त्यानं डोळे काढले, नाक काढलं, वर बारीकसं हसूही ठेवलं. पुढे दुकानात धूळ खात पडलो होतो, तिथून सुताराच्या आईनं मला उचलून आणलं. चढत्या चंद्रात तोडलेल्या लाकडाला कीड लागते, उतरत्या चंद्रात कापलेले केस सावकाश वाढतात, हे सगळं तिचं शास्त्र. ती गेली, शास्त्र लेकाच्या डोक्यात तसंच राहिलं. सूर्य मावळला की करवतीला हात लावायचा नाही. कुंडीत बी पेरायचं, केस कापायचे, दाढ काढायची, सगळ्याला आधी माझी परवानगी.

एकदा त्याची दाढ काय ठणकत होती म्हणता! गाल टम्म सुजलेला, तरी गडी आपला माझ्यासमोर उभा. त्याची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणते, ती हसत म्हणाली, "अहो, त्या चंद्रालाच सांगा की दाढ उपटायला!"

"हस, हस," तो गाल दाबून म्हणाला. "भरल्या चंद्रात रक्त थांबत नाही, आई सांगायची."

पूर्वी तो खात्री करायला गॅलरीत जाऊन आकाशही बघायचा. मग समोर उंच इमारत उभी राहिली आणि त्यानं बाहेर बघणंच सोडलं. माणसांचं हे मला काही कळत नाही बुवा. खरा चंद्र बघायला गच्चीचे जिने चढायचा कंटाळा आणि माझ्या पत्र्याच्या तुकड्यावर एवढा भरवसा!

मध्यंतरी काकूच्या पोटात दुखायला लागलं. दोघं दवाखान्यात जाऊन आली. सुतारानं सासरी असलेल्या लेकीला फोन लावला. "पोटात गाठ आहे म्हणतात. लवकर काढायला हवी. आतल्या आत पिळली गेली तर जिवावर बेतेल." बोलता बोलता त्याची नजर माझ्याकडे वळली. चंद्र भरत आला होता. "पौर्णिमा तेवढी होऊन जाऊ दे. चंद्र उतरायला लागला की लगेच नेतो तिला."

लेक तिकडून ओरडली असणार, कारण त्यानं फोन कानापासून लांब धरला. "अगं, तुझ्या आईच्या जिवासाठीच थांबतोय ना मी?"

पौर्णिमा झाली. चंद्र जरासा कलला. सुतार अजून उठायचा होता, तेवढ्यात काकू स्टूल ओढून माझ्यासमोर चढली. तिनं काच उघडली आणि बोटानं चंद्र मागे सरकवला. पुन्हा गोल गरगरीत.

"माझी आई ऑपरेशनला आत गेली ती परत आलीच नाही," ती माझ्याशी पुटपुटली. "मी नाही जायची. भीती वाटते म्हटलं तर हे हाताला धरून नेतील. यांना थांबवशील तर तूच."

मग हे रोजचंच झालं. तिचा हात मला नको नकोसा झाला. सुतार एका शाळेचे दरवाजे बनवण्यात बुडालेला, दिवस कुठले त्याच्या लक्षात राहायला! एकदा मात्र माझ्याकडे बघत म्हणाला, "यंदा पौर्णिमा फारच रेंगाळलीय गं."

"तुमचाच लाडका तो, मला काय विचारता?" काकू म्हणाली आणि भिंतीला धरून हळूच खाली बसली.

तिचं ताट अर्धं परत जाऊ लागलं. स्टुलावर चढताना मध्येच थांबून ती ओठ चावायची. माझ्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. ओरडायला माझ्याकडे ठोक्यांशिवाय आहे काय? होता नव्हता तेवढा जोर लावून ठोके दिले, तर या पठ्ठ्यानं मला तेल घातलं!

आज सकाळी ती आलीच नाही. आतल्या खोलीतून कण्हणं ऐकू येत होतं, पण शाळेत दरवाजे बसवायचे म्हणून सुतार उजाडायच्या आधीच बाहेर पडला होता. नंतर ते कण्हणंही थांबलं. माझं चाक आपल्या गतीनं पुढे सरकलं आणि चंद्र कलला. त्याला मागे ढकलायला कुणी नव्हतं.

आत्ता दुपारी सुतार जेवायला आलाय. आल्या आल्या त्यानं वर बघितलं आणि टाळीच वाजवली. "अगं, उतरला! उतरला एकदाचा! उद्या सकाळीच जाऊ आपण!"

आतून उत्तर आलं नाही.

"डोळा लागला वाटतं," तो स्वतःशीच म्हणाला. "झोपू दे बिचारीला." आणि भांड्यांचा आवाज न करता रात्रीचं उरलेलं पानात वाढून घेऊन तो जेवायला बसलाय. चेहऱ्यावर केवढं समाधान!

माझं ऐकणाऱ्या माणसा, तुला तरी तोंड आहे. त्याला हाक मार. म्हणावं, चंद्र बघू नकोस, ताटावरून ऊठ, आत जा, तिला हलवून बघ. उद्या सकाळी नाही रे, आत्ता.