टेबलाचा पाय

जुन्या वस्तूंच्या त्या दुकानात गोल्फची कार्डं घेऊन कोणी शिरलं, की दुकानदाराच्या कपाळावर आठ्या चढत. आलं ध्यान! गोल्फ खेळणाऱ्यांचे फोटो छापलेली ती कार्डं तीस वर्षांपूर्वी कारखान्यांनी लाखांनी काढली, आणि पुढे सोन्याच्या भावानं जातील म्हणून लोकांनी जिवापाड जपली. आता सगळ्यांनीच जपली म्हटल्यावर घेणार कोण, यांचा काका?

त्या दिवशी एक निवृत्त कारकून पिशवीभर कार्डं घेऊन आला. दुकानदारानं वर न बघताच टेबलाखाली बोट दाखवलं. एका पायाखाली तसल्याच कार्डांचा गठ्ठा कोंबलेला होता.

"डुगडुगत होतं. आता छान बसलंय. यापलीकडे या कार्डांचा उपयोग नाही हो! चित्रं आवडली म्हणून घेतली असतीत, तर एक वेळ समजलो असतो. तुम्हाला हवं होतं घबाड! तेही बसल्या जागी!"

कारकून बिचारा चोरासारखा निघून गेला. दुकानदार स्वतःवरच खूश झाला. तेवढ्यात त्याला दाराशी थोरली बहीण दिसली. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिच्या हातात एक खोकं होतं.

"ताई, तू? बस ना."

ती बसली नाही. लॉन्ड्रीत तीस वर्षं उभ्यानं इस्त्री करून तिचे गुडघे कामातून गेले होते. एकदा बसली की उठताना जीव जाई. तिनं खोकं टेबलावर ठेवलं. "अशी अकरा आहेत घरी. विकून काम सोडीन म्हणत होते."

खोक्यावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती, आणि पट्टीवर त्याचंच अक्षर: 'ताई, फोडू नकोस. म्हातारपणाची सोय.' दुकान नवं होतं, गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, तेव्हा त्यानंच हा माल तिच्या गळ्यात मारला होता. तिच्या पैशांवर दुकान तगलं. अन् हा पठ्ठ्या साफ विसरला होता.

"नाही फोडलं," ताई म्हणाली.

"ताई, अगं... मलाही तेव्हा खरंच वाटलं होतं गं..."

"तुला काय वाटतं ते ऐकलं आत्ता." तिनं वाकून टेबलाखाली पाहिलं. गुडघा कटकन वाजला. "हे उरलेल्या तीन पायांखाली घाल. आणखी लागली तर अकरा आहेतच. टेबल उंच झालं, की गिऱ्हाइकाकडे वरून बघायला बरं पडेल तुला."

आणि दुपारची पाळी चुकेल म्हणून ती लंगडत निघून गेली.