शिलेदाराची ढाल

माझ्या गेममधल्या पिंजऱ्यात तीस जागा होत्या आणि त्या सकाळी प्राणी एकोणतीसच भरले. नव्हता तो शिलेदार, भाला-ढाल घेतलेला चिलखती ससाणा. अंड्यापासून अकरा महिने मी त्याला वाढवलं होतं. मी आंघोळीला गेले तेवढ्यात दादाने तो स्वतःच्या पिंजऱ्यात वळवला होता.

"तुझ्याकडे नुसता सडत होता. याला लढाईत हरवून दाखव, परत देतो."

मला तो परत हवा होताच, पण आधी दादाची जिरवायची होती. मी सर्वांत खालच्या पातळीची चिमणी निवडली.

"चिमणी? कीव येते गं तुझी," तो म्हणाला.

शिलेदाराच्या दोनशे लढाया मी वहीत नोंदवल्या होत्या. भाला उगारताना त्याची ढाल खाली जाते आणि इवल्याशा प्राण्यावर तो भाला दहातून नऊदा चुकतो. दादाला धीर नाही. तो प्रत्येक खेळीला भालाच मारत राहिला. चिमणी टोचत राहिली, दर वेळी त्याच्या ताकदीतून चार गुण वजा.

बाराव्या टोचीला दादाचा आवाज उतरला. "बास, घे परत."

"घाई कसली? पूर्ण खेळू."

चोविसाव्या टोचीला शिलेदाराची ताकद शून्य झाली. चिमणीची तीन उरली होती.